अण्णांचा पाय गुडघ्याखाली काढलाय, पाच आठवडे झाले. शिबिरात आत्ताच नकली पाय घ्यावा का?

प्रश्न : कऱ्हाडची_लेक

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय. कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली नाही, हे मलाच अजून कळत नाही, म्हणून सगळंच सांगते.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६३. साखर कारखान्यात ३४ वर्षं फिटर होते. शुगर १८ वर्षांपासून. यंदा पावसाळ्यात चपलेच्या तळातून खिळा वर आला होता. तीच चप्पल घालून अण्णा दोन दिवस शेतावर जात-येत राहिले, त्यांना काही कळलंच नाही. आईला चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. मग ताप, पू, दोनदा साफसफाई, आधी करंगळी आणि शेजारचं बोट काढलं, आणि शेवटी डावा पाय गुडघ्याच्या पाचेक इंच खाली कापावा लागला. आज ३६ दिवस झाले.

घरी सोडताना हातात गोळ्यांचा आणि ड्रेसिंगचा कागद होता. पाय कसा ठेवायचा, व्यायाम काय, हे विचारायचं आम्हालाही त्या घाईत सुचलं नाही. मावशी म्हणाली, पायाखाली उशी ठेवा, सूज उतरेल. आम्ही रात्रंदिवस उशी ठेवली. आता गुडघा पूर्ण सरळ होत नाही. सरळ करायला गेलं की अण्णा मांडीच्या मागे हात धरतात आणि "राहू दे" म्हणतात. टाके निघालेत, पण एका कोपऱ्यातून अजून थोडं पाणी येतं. डावी मांडी तर इतकी वाळलीय की धोतर नेसवताना मला बघवत नाही.

दुसरं म्हणजे रात्री दोन-अडीचला उठून सांगतात, "अंगठा कुणीतरी पिरगाळतंय." जो अंगठा नाही तो. आई अंगारा लावते. शेजारच्या आजी विचारून गेल्या की कापलेला पाय नीट पुरला होता ना. त्या दिवसापासून आई स्वतःला दोष देतेय.

तिसरं, पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी तालुक्याला नकली पायांचं मोफत शिबिर आहे. सगळे म्हणतायत न्या, फुकट मिळतंय, माणूस चालायला लागेल, मन रमेल. माझा चुलतभाऊ म्हणतो, तोवर रोज दोनशे वेळा पाय उचलायला लावा. अण्णा स्वतः काहीच म्हणत नाहीत. आठवड्यात दहा वाक्यं बोलत नाहीत.

मी पुण्याला नोकरी करते, तीन आठवड्यांची रजा आहे. या तीन आठवड्यांत मी काय करून जाऊ, जेणेकरून अण्णा पुन्हा उभे राहतील? कुणी या वाटेनं गेलेलं असेल तर कृपा करून सांगा.

उत्तर १ : बार्शीकर

ताई, मी गेलोय या वाटेनं. उजवा पाय, गुडघ्याखाली, २०१५ च्या दिवाळीत. कारणही तेच, शुगर आणि टाचेची जखम. मी एसटीत ड्रायव्हर होतो, २२ वर्षं स्टिअरिंगवर काढली.

शिबिराचं आधी सांगतो, कारण तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. जा, दाखवा, नाव नोंदवा, पण या वेळी पाय घेऊ नका. जखम ओली असताना आणि गुडघा वाकलेला असताना घेतलेला पाय घरी येऊन माळ्यावर जातो. माझा पहिला पाय माळ्यावर गेला. मला सातव्या आठवड्यात पाय मिळाला, घरात पेढे वाटले. तेव्हा माझा स्टंप, म्हणजे उरलेला पाय, सुजलेला होता. त्या सुजेवर साचा घेतला. दोन महिन्यांत सूज उतरली आणि पाय आत डब्यातल्या चमच्यासारखा हलायला लागला. मोजे चढवले, चिंध्या भरल्या. नडगीच्या हाडाच्या टोकाला जखम झाली, पुन्हा पू, पुन्हा दोन महिने खाटेवर. त्या दोन महिन्यांत जेवढं मन खचलं तेवढं पाय कापला तेव्हाही खचलं नव्हतं. म्हणून म्हणतो, घाई नको.

लोक 'जयपूर फूट, जयपूर फूट' म्हणतात. त्या पावलाबद्दल मला मनापासून आदर आहे. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास ते घडवलं, ते आपल्या माणसासाठी. बुटाशिवाय चालता येतं, चिखलात जाता येतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते. मी त्याच पावलावर पंढरपूरला दर्शनाच्या रांगेत उभा राहिलोय. पण ते नाव फक्त खालच्या पावलाचं आहे. माणूस चालतो तो वरच्या सॉकेटवर, जिथं स्टंप आत बसतो. सॉकेट नीट तर सगळं नीट. आणि सॉकेट नीट बसायचं तर आधी स्टंप तयार पाहिजे. तुमच्या तीन आठवड्यांचं काम तेच आहे, स्टंप आणि गुडघा तयार करणं.

उशी आज, हे वाचून झालं की लगेच काढा. गुडघ्याखालीही नको, मांडीखालीही नको. खुर्चीवर बसले की स्टंप खाली लोंबकळत ठेवायचा नाही. समोर स्टूल किंवा खुर्चीला जोडून फळी, तिच्यावर गादीचा तुकडा, आणि पाय सरळ. माझ्या बायकोनं पोळपाट ओढणीनं खुर्चीला बांधलं होतं, वर जुनं गोधडं. सहा महिने ते पोळपाट खुर्चीलाच होतं.

दिवसातून दोन-तीन वेळा पालथं झोपवायचं, पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं जमलं तर पाच. पोटाखाली उशी नको. मान चांगल्या पायाकडे वळवली की काढलेल्या बाजूचा खुबा जास्त सपाट होतो. सुरुवातीला मला हे लाजिरवाणं वाटायचं, घरात पाहुणे आणि मी पालथा. मग आकाशवाणीवर बातम्या लावून झोपायचो. बातम्या संपल्या की उठायचं.

क्रेप बँडेज. ४ इंची दोन घ्या, एक अंगावर, एक धुऊन वाळत. आठच्या आकड्यासारखं तिरकं गुंडाळायचं, गोल गोल कधीही नाही. गोल वेढा दोरीसारखा आवळतो आणि खालचं रक्त अडवतो. टोकाकडे घट्ट, वर येईल तसं सैल, आणि गुडघ्याच्या वर मांडीपर्यंत न्यायचं, नाहीतर निसटतं. चार-पाच तासांनी सोडायचं, कातडी बघायची, पुन्हा बांधायचं. वाळत घालताना दोरीवर लोंबवू नका, सपाट पसरा, नाहीतर ताण जातो. बँडेज सुरू करण्याआधी त्या ओल्या कोपऱ्याबद्दल सर्जनना जरूर विचारा.

आता रात्रीचं. अण्णांना जे होतंय ते मलाही झालं, आणि तुमच्या आईंना हे मोठ्यानं वाचून दाखवा. पाय गेला तरी मेंदूतला त्या पायाचा नकाशा जात नाही. मला रात्री वाटायचं की माझं पाऊल ॲक्सिलरेटरवर दाबून धरलंय आणि बोटं आखडलीत, सोडता येत नाहीत. घाम फुटायचा. यात बाधा नाही, वेड नाही, आणि पाय कुठं पुरला याच्याशी तर काडीचाही संबंध नाही. तुमच्या आईंची काही चूक झालेली नाही. बँडेजचा दाब, स्टंपवर हलक्या थापा, टॉवेलनं चोळणं, यानं मला उतार पडायचा. ड्रेसिंग चालू आहे तोवर जखमेपासून लांब, गुडघ्याजवळ चोळा. फार दुखलं तर डॉक्टरांना सांगा, या दुखण्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात, साध्या वेदनाशामक गोळीनं ते जात नाही. दोन वर्षांत माझं बरंच कमी झालं. आता पाऊस येणार असला की तेवढा अंगठा आठवण देतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. रात्री लघवीला उठताना माणूस विसरतो की पाय नाही. मी बाराव्या दिवशी असाच उभा राहायला गेलो आणि स्टंपवर पडलो. टाके उसवले. म्हणून खाटेशेजारी युरीनचं भांडं, हाताशी दिव्याचं बटण, आणि काढलेल्या बाजूला खाटेला लागून एक खुर्ची आडवी. खुर्ची हाताला लागली की भान येतं.

आणि अण्णांचं न बोलणं. ताई, त्यांना बोलतं करायला जाऊ नका. काम द्या. मला आमच्या डेपोतला एक मेकॅनिक भेटायला आला आणि सहानुभूतीचा एक शब्द न बोलता म्हणाला, "या पंपाचा आवाज ऐक आणि सांग काय बिघडलंय." त्यानं मोबाइलवर आवाज आणला होता. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. नंतर मला चौकशी खिडकीवर काम मिळालं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणसाला काढून टाकता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, हे २०१६ च्या कायद्यात आहे. अण्णा निवृत्त आहेत, त्यांना ते लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी लागेल.

अपंगत्वाच्या कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज मात्र आत्ताच करा. ४० टक्के किंवा जास्त लागलं की बऱ्याच सवलतींचं दार उघडतं, आणि तपासणीची तारीख मिळायला वेळ जातो.

उत्तर २ : फिजिओ_मेधा

मी सोलापूरला फिजिओथेरपिस्ट आहे, पाय गेलेल्या रुग्णांबरोबर बारा वर्षं काम करतेय. काकांनी लिहिलंय ते मी माझ्या रुग्णांना छापून देईन. दोनच ठिकाणी भर घालते.

'टोकाकडे घट्ट' यात एक काळजी. शुगरमध्ये पायाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात. नवा मोजा घातल्यावर जेवढा दाब जाणवतो तेवढाच हवा. बांधल्यावर ठणका लागला, टोक गार पडलं किंवा निळसर झालं तर ताबडतोब सोडा.

दुसरं, तेल. कुणीतरी मालिश सुचवेलच. व्रण पूर्ण बुजून कोरडा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नंतर व्रण बोटानं हळूहळू खालच्या थरापासून मोकळा करायचा असतो, नाहीतर तो हाडाला चिकटतो आणि सॉकेटमध्ये घासतो. ते एकदा कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या.

आता गुडघा. अण्णांना पाठीवर सपाट झोपवा, स्टंप गादीवर सोडा आणि गुडघ्यामागे तुमचा हात सरकवून बघा. किती बोटं आडवी जातात ते रोज लिहून ठेवा. पाच आठवड्यांची आखड बहुतेक वेळा सुटते, पाच महिन्यांची फार चिवट असते. व्यायाम साधाच आहे : गुडघ्यामागे टॉवेलची पातळ घडी, ती खाली दाबायची, मांडी कडक करायची, पाच मोजायचे, घडी लगेच काढून घ्यायची. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग पाय सरळ ठेवून एक वीत उचलायचा. मग कुशीवर वळून पाय मागे न्यायचा. हात विसरू नका. वॉकर पेलायला दंड आणि खांदे लागतात, म्हणून खाटेच्या कडेला बसून दोन्ही तळव्यांवर भार देत बूड उचलणं. भावानं सांगितलेले दोनशे वेळा उचलणे नको. दमून हात-पाय थरथरेपर्यंत काहीही नको.

इथं एक धोका आहे, तो घरोघरी निसटतो. पायातला संसर्ग गेला की शरीराची इन्सुलिनची गरज कमी होते. जुनाच डोस चालू राहिला आणि वर व्यायाम सुरू झाला की शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बरळणं दिसलं तर आधी साखर द्या, मग मोजा. आणि डोस पुन्हा ठरवायला या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. उलट शुगर विनाकारण चढू लागली, ओल्या कोपऱ्याला वास आला, लाली पसरली किंवा थंडी वाजून ताप आला, तर रविवारची वाट न बघता दवाखाना गाठा.

रात्रीच्या वेदनेसाठी आरशाचा एक उपाय आहे. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो आधी हात गमावलेल्यांवर वापरून बघितला. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा असा ठेवायचा की चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल. मग चांगल्या पायाचा अंगठा हळूहळू सैल सोडायचा आणि आरशात बघत राहायचं. दहा मिनिटं, रोज. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण अण्णांचा अंगठा जर आखडल्यासारखा, पिरगाळल्यासारखा वाटतोय, तर जरूर करून बघा. खर्च काही नाही, अपाय काही नाही.

कृत्रिम पायासाठी साचा घ्यायची वेळ कॅलेंडर बघून ठरत नाही. जखम कोरडी, गुडघा सरळ, आणि स्टंपचा घेर एकाच ठिकाणी मोजून दोन-तीन आठवडे तोच, तेव्हा. पहिलं सॉकेट वर्षाच्या आत बदलावं लागतं, ते बहुतेक सगळ्यांचं बदलतं. मुंबईला हाजी अलीची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून हेच काम करते, पुण्यात वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. तुम्ही पुण्यात आहात, चौकशी करून ठेवा. शिबिर असो की केंद्र, विचारायचा प्रश्न एकच : तीन महिन्यांनी सॉकेट सैल झालं तर दुरुस्तीला कुठं यायचं?

उत्तर ३ : नाशिकची_आई

मला अण्णांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, पण 'मांडी वाळली, व्यायाम वाढवा' हे वाचून राहवलं नाही. मेधाताईंनी दोनशे नको म्हटलं, बरं झालं. हा धागा उद्या दुसरी एखादी आई वाचेल, तिच्यासाठी लिहिते.

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. अण्णांची मांडी पडून राहून वाळलीय, ती वापरली की भरेल. माझ्या मुलाचे स्नायू आतून तुटतात, कारण स्नायूच्या पेशीला आधार देणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन त्याच्या शरीरात तयारच होत नाही. बाहेरून दोन्ही पाय अशक्तच दिसतात, पण एकाला जे औषध ते दुसऱ्याला इजा.

तो पाच वर्षांचा असताना जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर यायचा. पोटऱ्या मात्र गुबगुबीत, लोक कौतुकानं पैलवान म्हणायचे. आम्हाला वाटलं आळशी आहे. घरातल्याच एका मोठ्या माणसानं 'पाय कमावतील' म्हणून त्याला रोज जिने चढ-उतार करायला लावले. एका संध्याकाळी त्याची लघवी कोकासारखी काळपट झाली. स्नायू तुटून त्यातलं द्रव्य लघवीत आलं होतं. ती संध्याकाळ मी विसरू शकत नाही. नंतर रक्ताची तपासणी झाली, सीपीके, म्हणजे स्नायू तुटले की रक्तात उतरणारं द्रव्य, हजारोंनी वाढलेलं, मग जनुकीय चाचणी.

आमचं पुनर्वसन म्हणजे ताकद वाढवणं नाही, आहे ती जपणं. रोज सकाळ-संध्याकाळ टाचेच्या शिरेला हळू ताण, रात्री पायाला स्प्लिंट, पाण्यात खेळणं, उभं राहता येतंय तोवर आधारानं उभं करणं, आणि दमायच्या आधी थांबणं. वजन वाढू द्यायचं नाही. स्टेरॉइडची गोळी मनानं एकदम बंद करायची नाही. हृदयाचा एको आणि फुफ्फुसांची ताकद ठरल्या वेळी तपासायची, कारण हृदय आणि श्वासाचे स्नायूही स्नायूच आहेत. तो सकाळी उठल्यावर डोकं दुखतं म्हणायला लागला तेव्हा रात्रीचा श्वास कमी पडतोय हे कळलं. आणि कुठलंही ऑपरेशन असो, दाताचंसुद्धा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगायचं. काही औषधं या मुलांना चालत नाहीत.

आता तो चाकाच्या खुर्चीत असतो. खुर्ची आली तेव्हा मी रडले, तो हसला. त्या दिवसापासून तो मधल्या सुट्टीत मैदानावर जायला लागला.

ताई, तुम्ही सगळं मांडून विचारलंत. मी तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं.

उत्तर ४ : वऱ्हाडी_आजोबा

राम राम पोरी. मी कुष्ठरोग पथकात ३१ वर्षं पॅरामेडिकल वर्कर होतो, वर्धा आणि यवतमाळच्या गावागावांत सायकलवर. सगळे डाव्या पायाबद्दल बोलले, मी उजव्याबद्दल बोलतो.

अण्णांना चपलेतला खिळा दोन दिवस कळला नाही असं तू लिहिलंस. उजव्या पायालाही कळणार नाही. पाय गेला तो खिळ्यानं कमी आणि बधिरपणानं जास्त. आता उजव्या पायावर दुप्पट भार येणार, आणि शुगरवाल्यांचा दुसरा पाय पुढच्या काही वर्षांत जाताना मी फार बघितलाय.

आमच्या आजारात जंतू औषधानं मरतो. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि महिन्यांत माणूस बरा होऊ लागला. पण मेलेली नस परत येत नाही. बरा झालेला माणूस चुलीतलं लाकूड हातानं सारायचा, मांस जळल्याचा वास आला की त्याला कळायचं. लोकांना वाटायचं रोगानं बोटं झडतात. रोगानं झडत नाहीत, रोजच्या जखमांनी आणि त्यात शिरलेल्या पूनं झिजतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच ओळखलं, आणि पुढं अमेरिकेत गेल्यावर तेच ज्ञान शुगरच्या पायांना लावलं. म्हणून आमचं शहाणपण तुमच्या अण्णांना चालतं.

रोज संध्याकाळी, उजेड असताना, तळपाय बघायचा. अण्णांना वाकता येत नसेल तर खाली आरसा. बोटांच्या बेचक्यात बघायचं, चिखल्या तिथंच होतात. तळव्यावर हात फिरवायचा, एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम लागली तर आत काहीतरी शिजतंय असं समजायचं आणि त्या पायावर भार बंद करून डॉक्टर गाठायचा. कुरूप किंवा घट्टे ब्लेडनं कापायचे नाहीत. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. आंघोळीचं पाणी कोपरानं बघायचं. शेकायची पिशवी घरातून काढून टाका.

घरातसुद्धा अनवाणी नाही. एमसीआर रबराची चप्पल मिळते, मऊ तळ, खालून जाड टणक थर, मागं पट्टा. अंगठ्यात पकडायची चप्पल नको. पायात घालण्याआधी ती उपडी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. माझ्याकडच्या एका म्हातारबाच्या बुटात पोराची गोटी निघाली होती. त्याच बुटानं तो आठवड्याच्या बाजाराला जाऊन आला होता, चार कोस.

एक फरक लक्षात ठेव. आम्ही आमच्या पेशंटना पाय पाण्यात भिजवून तेल लावायला शिकवायचो, कारण त्यांच्या पायाला घाम येत नाही, कातडी फाटते. शुगरवाल्यांनी भिजत ठेवायचा नाही. धुवायचा, टिपून कोरडा करायचा, वरून तेल, बेचक्यात नाही.

आणि अण्णा बिडी ओढत असतील तर ती सोडली पाहिजे. आता उरलेल्या पायाला लागणारं रक्त त्या धुरात जाळू नये.

कऱ्हाडची_लेक (बारा दिवसांनी)

सगळ्यांना मनापासून नमस्कार. मी एकेकाचं उत्तर आईला वाचून दाखवलं. बार्शीकर काकांचं ॲक्सिलरेटरचं वाचल्यावर अण्णांनी मान वर केली आणि विचारलं, "कुठल्या डेपोचे?" आईनं अंगारा बंद केलेला नाही, पण आता ती स्वतःला बोल लावत नाही.

गुडघ्यामागं पहिल्या दिवशी माझी चार बोटं जात होती, आज अडीच. सर्जननी इन्सुलिन खरंच कमी केलं. मेधाताई, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही गेलोच नसतो. ओला कोपरा परवापासून कोरडा आहे. आरसा कपाटाच्या दाराचा काढून घेतला. पहिले तीन दिवस अण्णा नुसते बघत बसले, चौथ्या दिवशी म्हणाले, "सैल झाला."

शिबिरात काल गेलो. तिथल्या पाय बनवणाऱ्या दादांनी गुडघा दाबून बघितला आणि म्हणाले, दीड-दोन महिन्यांनी या, आत्ता साचा घेत नाही. घरच्यांचा हिरमोड झाला. माझा झाला नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट बँडेजची. मी बांधायचे आणि तासाभरात सुटायचं. गुरुवारी अण्णा म्हणाले, "आण इकडे." म्हणाले की व्हॉल्व्हच्या दांड्याला पॅकिंगची दोरी भरायचो तेव्हा अशीच, प्रत्येक वेढ्याला ताण सारखा. त्यांनी स्वतः बांधलं. संध्याकाळपर्यंत हललं नाही. आता दिवसातून चार वेळा तेच बांधतात, मला हात लावू देत नाहीत, आणि काल आईला शिकवत होते.

वऱ्हाडी आजोबा, बिडी होती. चार दिवस ओढलेली नाही. रोज संध्याकाळी पाचला उजवा पाय मी आणि आई बघतो. टाचेला एक चीर सापडली, डॉक्टरांना दाखवली.

एक शेवटचं विचारते. माजघरातून पडवीत जायला सागवानी उंबरा आहे, पाच इंच उंच, आजोबांच्या वेळचा. वॉकर अडतो. सुतार म्हणतो कापून टाकू. आईची इच्छा नाही. काय करावं?

बार्शीकर

ताई, कापू नका. दोन्ही बाजूंनी फळीचा उतार करून घ्या. एक इंच उंचीला एक फूट लांबी, म्हणजे पाच इंचाला पाच फूट. जागा कमी असेल तर थोडा चढा चालेल, पण मग कुणीतरी मागे उभं पाहिजे. फळीवर सायकलच्या टायरच्या पट्ट्या ठोका, घसरत नाही. दोन्ही कडांना दीड इंचाची पट्टी मारा, म्हणजे वॉकरचा पाय बाहेर जाणार नाही. माप अण्णांनाच घ्यायला सांगा. आणि मी कुर्डुवाडी डेपोचा, त्यांना सांगा.